टिपकागद कोरडा राहिला, म्हणून काय झालं?

मे महिन्यात घरच्या ग्रुपवर आत्याने एक लिंक टाकली. खाली तिची स्वतःची ओळ होती: "बघ गं, तुझ्याच सायन्सने सिद्ध केलंय आता." आत्या ७१ वर्षांची, राहते सांगलीला. मी इथे लीड्सला, आतड्याच्या अस्तरातून मीठ-पाणी कसं ये-जा करतं यावर पोस्टडॉक करते. त्यामुळे 'तुझ्याच' या शब्दाचा रोख कोणाकडे होता ते ग्रुपमधल्या सगळ्यांना कळलं. दोन चुलत भावांनी लगेच अंगठे दिले.

या ओळीला मागचा संदर्भ आहे. गेल्या पावसाळ्यात आत्याला जुलाब लागले. तिने डाळिंबाच्या सालीचा काढा घेतला आणि दुसऱ्या दिवशी जाणं खरंच कमी झालं. पाणी मात्र ती पीत नव्हती, कारण "प्यायलं की परत जावं लागतं." तिसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मग सलाईन, दोन रात्री दवाखान्यात. घरी आल्यावर तिचं म्हणणं एकच होतं: काढ्याने गुण आला होता, अशक्तपणा वेगळा.

लिंक उघडली. अशा लिंकांखाली जो पेपर असतो तोच होता. म्हणजे तोच एक पेपर असं नाही, ती एक जातच आहे. झाडाचं नाव बदलतं, गाव बदलतं, बाकी सांगाडा तसाच. आज मला त्या जातीबद्दल लिहायचंय. एखाद्या लेखकाची चूक काढायची म्हणून नाही, तर आत्याला "खोटं आहे" असं एका शब्दात सांगता आलं नाही म्हणून. कारण ते खोटं नाहीच. ते भलत्याच प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

सांगाडा असा असतो. सुरुवातीला जुलाबाने जगभर किती मुलं दगावतात त्याची आकडेवारी. मग "या भागातले लोक परंपरेने अमुक झाडाची पानं वापरतात". मग पानं वाळवली, कुटली, मिथेनॉलमध्ये भिजवली, अर्क काढला. पांढऱ्या उंदरांचे चार-पाच गट केले. एकाला नुसतं पाणी, एकाला लोपेरामाइड, उरलेल्यांना अर्क, वाढत्या मात्रेत. अर्ध्या-एक तासाने सगळ्यांना एरंडेल पाजलं. पिंजऱ्याच्या तळाशी टिपकागद अंथरला आणि चार तास ओले डाग मोजले. अर्क घेतलेल्या उंदरांचे डाग कमी, लोपेरामाइडवाल्यांचे त्याहून कमी. शेवटी निष्कर्ष: "अर्कात टॅनिन आणि फ्लॅव्होनॉइड आहेत, त्यामुळे हा परिणाम दिसला असावा. परंपरागत वापराला शास्त्रीय आधार मिळाला."

आपल्या पॉडकास्टवर आपण नेहमी म्हणतो, निष्कर्षाआधी पद्धत वाचा. तर पद्धतच वाचू. पण त्याआधी आतड्यात काय चालतं ते थोडक्यात.

आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पोटात घालतो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून आणखी सहा-सात लिटर पडतात. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो जेमतेम १००-२०० मिलिलिटर. बाकी सगळं परत शोषलं जातं. तळघरात सतत पाणी झिरपतंय आणि पंप सतत उपसतोय असं समजा. जुलाब म्हणजे एकतर झिरपणं वाढलं, किंवा पंप थकला, किंवा पाणी इतक्या वेगाने पुढे ढकललं गेलं की पंपाला वेळच मिळाला नाही. स्राव, शोषण, हालचाल. तीन वेगळ्या गोष्टी.

कॉलऱ्यात प्रामुख्याने पहिली गोष्ट होते. कॉलऱ्याचं विष अस्तराच्या पेशीत शिरून सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या भरमसाट वाढवतं. त्याने सीएफटीआर नावाचं क्लोराइडचं दार उघडं राहतं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. मोठ्या माणसाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. पण याच वेळी साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारं दुसरं दार शाबूत असतं. जलसंजीवनी चालते ती या दारातून. ती झिरपणं थांबवत नाही, उपसा वाढवते.

आता टिपकागदाकडे परत. ओले डाग कमी झाले, म्हणजे या तिघांपैकी काय झालं? कागद ते सांगू शकत नाही. स्राव कमी झाला तरी डाग कमी. शोषण वाढलं तरी कमी. आणि आतडं नुसतं हलायचं थांबलं, पाणी आतच साचून राहिलं, तरीही डाग कमीच. तुलनेसाठी घेतलेलं लोपेरामाइड मुख्यतः याच तिसऱ्या वाटेने काम करतं. ते आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड ग्राहकांवर बसून हालचाल मंदावतं. डॉक्टर त्याबद्दल जो इशारा देतात तो हाच: जाणं थांबलं म्हणजे पाणी जाणं थांबलं असं नाही. आतड्यात साचलेलं पाणी रक्ताच्या दृष्टीने गेलेलंच असतं. आत्याच्या न्हाणीघरातली पहाट मला इथे आठवते. तिचाही टिपकागद कोरडा होता.

काही पेपर यापुढे जातात. उंदीर मारून आतडं काढतात आणि आतला द्रव मोजतात. ही चांगली गोष्ट आहे, पण सुरुवात तिथेही एरंडेलानेच असते, आणि खरी मेख एरंडेलात आहे.

एरंडेल तसं पोटात काही करत नाही. लहान आतड्यात लायपेझ नावाचं विकर ते फोडतं, त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटतं, आणि काम करतं ते हे आम्ल. २०१२ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या एका गटाने दाखवलं की उंदरांमध्ये हे आम्ल ईपी३ नावाच्या ग्राहकावर बसतं, आणि आतड्याच्या स्नायूंतला हा ग्राहक काढून टाकला तर एरंडेलाने जुलाब होतच नाहीत. म्हणजे उंदरातला एरंडेलाचा जुलाब हा मोठ्या प्रमाणात स्नायूंचा मामला आहे. रोटाव्हायरस, कॉलरा, ई. कोलाय यांच्याशी त्याचं नातं दूरचं. पेपरच्या पहिल्या परिच्छेदात मुलं दगावतात ती या जंतूंनी. पद्धतीच्या परिच्छेदापर्यंत येता येता जंतू गायब होतात आणि एरंडेल येतं. हा सांधा कोणी उलगडत नाही.

दुसरी मेख म्हणजे क्रम. अर्क आधी, एरंडेल नंतर. प्रत्यक्षात कोणी जुलाब लागायच्या अर्धा तास आधी काढा घेतं का? आणि आधी घेतलेला अर्क त्याच पोटात, त्याच तेलाच्या शेजारी बसलेला असतो. टॅनिनचा गुणच प्रथिनांना चिकटण्याचा. कातडं कमावतात ते त्यावरच. लायपेझ हेही प्रथिनच. टॅनिनने लायपेझच अडवलं तर तेल फुटणार नाही, आम्ल सुटणार नाही, जुलाब होणार नाही. तेव्हा अर्काने जुलाब बरा केला, की एरंडेलाला एरंडेलाचं काम करू दिलं नाही? या मांडणीतून ते ठरत नाही. पण नुसत्या टॅनिक आम्लाचा आणखी एक गट ठेवला, आणि एका गटाला अर्क जुलाब सुरू झाल्यानंतर दिला, तर बरंच कळेल. दोन जास्तीचे पिंजरे. एवढाच खर्च.

तिसरी गोष्ट मात्रेची. किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क, हा आकडा या पेपरांत नेहमी भेटतो. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना सरळ गुणत नाहीत, शरीराच्या पृष्ठफळानुसार साधारण १२ ने भागतात. तरी ६० किलोच्या माणसाला दोन ग्रॅम सुका अर्क होतो. पानांतून वजनाच्या दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर २० ग्रॅम वाळलेली पानं, तीही मिथेनॉलमध्ये काढलेली. आजीच्या काढ्यात चार पानं आणि पाणी असतं. मग नेमक्या कुठल्या परंपरेला आधार मिळाला?

याहून चांगली पद्धत परदेशातून आणावी लागेल असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. १९५३ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले आणि तुकडा पाण्याने फुगलेला पाहिला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून टाकले आणि नुसत्या गाळलेल्या द्रवानेही तेच होतं हे दाखवलं. कॉलऱ्याचं विष सापडलं ते असं. बांधलेल्या तुकड्यात पाणी पुढे ढकललं जाण्याचा प्रश्नच येत नाही. जे साचलं ते मोजायचं, बस. स्राव मोजायची ही रीत आपल्याच उपखंडात, साध्या साधनांनी उभी राहिली. सत्तर वर्षांनंतर आपणच डाग मोजत बसलोय, याचं मला वाईट वाटतं.

बरं, झाडातलं एखादं संयुग स्राव खरोखर थांबवू शकतं का? शकतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण ॲमेझॉनमधलं आहे. क्रोटन लेकलरी नावाच्या झाडाची साल कापली की रक्तासारखा लाल चीक येतो. पेरू, इक्वेडोर भागातले लोक त्याला स्पॅनिशमध्ये 'ड्रॅगनचं रक्त' म्हणतात. जखमांवर लावतात, पोट बिघडलं तर पितात. त्यातून क्रोफेलेमर वेगळं केलं गेलं. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने पेशींवर दाखवलं की ते आतड्यातली क्लोराइडची दोन दारं, सीएफटीआर आणि कॅल्शियमवर चालणारं दुसरं, दोन्ही बाहेरून अडवतं. रक्तात ते जवळपास शोषलं जात नाही. आतड्याच्या पोकळीत राहूनच काम करतं. आणि गंमत म्हणजे रासायनिकदृष्ट्या ते टॅनिनच्याच गोतातलं. म्हणजे "टॅनिनमुळे असावं" हे वाक्य अगदीच हवेतलं नव्हतं. फरक इतकाच, की इथे कोणीतरी 'असावं'वर थांबलं नाही.

न थांबण्याची किंमत किती? या झाडावर काम करणारी कंपनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. औषध दुसऱ्या कंपनीकडे गेलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिली ती ३१ डिसेंबर २०१२ ला. मान्यता तरी कशाला? एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या प्रौढांच्या, जंतुसंसर्गाने न झालेल्या जुलाबाला. कॉलऱ्याला नाही, मुलांना नाही. मुख्य चाचणीत कसोटी ही होती: चारपैकी किमान दोन आठवडे, आठवड्याला पाण्यासारखे जुलाब दोन किंवा त्याहून कमी. औषध घेतलेल्यांपैकी १७.६ टक्के या कसोटीला उतरले, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ८ टक्के. म्हणजे दहा जणांना दिलं तर खोट्या गोळीपेक्षा एका जास्तीच्या माणसाला फायदा. यंत्रणा माहीत, रेणू माहीत, दोन दशकांहून जास्त काळ आणि भरपूर पैसा घातलेला, आणि तरी निकाल हा एवढा. म्हणून पिंजऱ्यातले डाग निम्म्यावर आले असं वाचलं की मला आनंदाआधी शंका येते.

आपल्याकडची दारूहळदही अशीच शिकवून जाते. तिच्यातलं बर्बेरीन प्राण्यांच्या आतड्यात कॉलरा आणि ई. कोलाय, दोन्हींच्या विषाने होणारा स्राव कमी करतं, हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. मग १९८७ मध्ये बांगलादेशातल्या चाचणीचे निकाल आले. ई. कोलायच्या रुग्णांत ४०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर २४ तासांत ४२ टक्क्यांचे जुलाब थांबले, न दिलेल्यांत २० टक्क्यांचे. कॉलऱ्यात मात्र टेट्रासायक्लिनच्या जोडीला बर्बेरीन देऊन उल्लेखनीय फायदा झाला नाही. झाड तेच, रेणू तोच, प्रयोगशाळेत दोन्ही विषांवर चाललेला, आणि माणसांत एका जंतूवर काहीसा उपयोगी तर दुसऱ्यावर निष्प्रभ. "जुलाबावर चालतं" या दोन शब्दांत हे मावत नाही.

आणि एक गोष्ट, जी आत्याच्या पिढीला सांगायला मला फार आवडेल. आमच्या क्षेत्राला सगळ्यात जास्त देणारा वनस्पतीतला रेणू स्राव थांबवत नाही, वाढवतो. फोर्स्कोलिन. कुंडीतल्या पानओव्याच्या भावकीतल्या एका झाडाच्या मुळांतून तो १९७०च्या दशकात निघाला. मुंबईत हेक्स्टच्या संशोधन केंद्रात आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत. शोध चालला होता रक्तदाब आणि हृदयावरच्या औषधांचा. १९८१ मध्ये अमेरिकेत कळलं की हा रेणू सायक्लिक एएमपी बनवणारं विकर थेट चालू करतो. कॉलऱ्याचं विष वळसा घालून जिथे पोचतं, तिथेच हा सरळ पोचतो. आज माझ्या प्रयोगशाळेत, आणि या विषयावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत, फ्रीजरमध्ये त्याची कुपी असते. २०१३ पासून नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या आतड्याच्या पेशींचे बारीक गोळे वाढवून त्यांवर फोर्स्कोलिन टाकतात. सीएफटीआर चालत असेल तर गोळा फुगतो, नसेल तर तसाच राहतो, आणि त्यावरून कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल याचा अंदाज घेता येतो. 'वनस्पतीतलं आहे म्हणून पोटाला मानवतं' या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. सोनामुखीही वनस्पतीच आहे. एरंडही.

आता थोडं आमच्या बाजूने, म्हणजे माझ्याच विरोधात. इथल्या प्रयोगशाळेत बसून पिंजऱ्यातल्या डागांना हसणं सोपं आहे. माझ्याकडे उसिंग चेंबर आहे; अस्तराचा तुकडा मध्ये ताणून बसवायचा आणि त्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजायचा. ज्या कॉलेजात प्राणिगृहापलीकडे काही नाही, विद्यार्थ्याला सहा महिन्यांत प्रकल्प द्यायचाय आणि बढतीला पेपर मोजले जातात, तिथे उंदीर, एरंडेल आणि अंगणातलं झाड हीच सामग्री आहे. शिवाय आमच्या पेपरांचाही एक ठरलेला सांगाडा आहेच. ताणलेल्या तुकड्यावर शुद्ध संयुग टाकलं, प्रवाह कमी झाला, शेवटी "औषधाच्या दिशेने आशादायक". त्या तुकड्याला ना रक्तपुरवठा, ना श्लेष्म्याचा जाड थर, ना जंतू, ना वरून वाहणारं पाणी. आतड्यात ते संयुग तेवढ्या प्रमाणात कधी पोचेल का, हा प्रश्न आम्हीही बहुतेक वेळा पुढच्या पेपरवर ढकलतो. डाग मोजणारे किमान जिवंत प्राण्यापाशी तरी असतात.

म्हणून माझी तक्रार गरीब साधनांबद्दल नाही. शेवटच्या वाक्याबद्दल आहे. "उंदरांत एरंडेलाने होणारे जुलाब या अर्काने कमी झाले; स्राव की हालचाल ते तपासलं नाही" हे वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत. डाग मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे न सांगण्यालाही लागत नाहीत. ज्या झाडाने काहीच फरक पडला नाही ते छापायलाही नाहीत. पण "परंपरेला शास्त्रीय आधार" हे वाक्य एकदा छापलं की ते पेपरमधून बातमीत जातं, बातमीतून गोळीच्या डबीवर, डबीवरून आत्याच्या फोनवर, आणि वाटेत उंदीर गळून पडतो.

आणि गळून पडतं ते पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दरवर्षी जुलाबाने जातात. त्यातली बरीचशी जंतूने थेट जात नाहीत, शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्याने जातात. म्हणूनच तिथला सल्ला जलसंजीवनी, झिंक आणि खाणंपिणं चालू ठेवणं असा आहे. लहान मुलांना जुलाब थांबवणारी औषधं देऊ नयेत असाही आहे. जुलाब 'थांबवणं' हे ध्येय ठेवलं की पाणी देणं मागे पडतं. या साऱ्या पेपरांनी यशाची व्याख्याच 'थांबणं' अशी ठरवली आहे, आणि घरोघरी आपण ती आधीच मान्य केलेली आहे.

आत्याला मी रविवारी फोन केला. काढा बंद कर असं म्हणाले नाही. ती ऐकली नसती, आणि म्हणायला माझ्याकडे पुरावाही नव्हता. मी तिला उंदरांची गोष्ट सांगितली, टिपकागदाची. पाणी आत साचून राहतं हे सांगितल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली.

"म्हणजे त्या दिवशी माझं थांबलं नव्हतंच?"

"थांबलं असेल किंवा आत साचलं असेल, आत्या. बाहेरून कळत नाही. तू पीत नव्हतीस एवढं मात्र नक्की."

"प्रमाण काय ते सांग."

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको. पुडी मिळाली तर पुडीच. तिने लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि मग म्हणाली, "काढा पण ठेवते गं. पण नंतर."

त्या रात्री तिने ग्रुपवर प्रमाण टाकलं. त्याला फक्त माझा अंगठा आला.